ओठावरचा गोल शिक्का

माझ्या नवऱ्याने मला घरात सीआयडी असं नाव ठेवलंय. ठेवू दे. जमिनीच्या कागदांच्या टेबलावर बावीस वर्षं बसलेल्या बाईने आणखी काय व्हायचं? समोरचा माणूस खुर्चीत टेकायच्या आत माझ्या तोंडून निघतं, 'मूळ प्रत दाखवा.' झेरॉक्सवर माझा विश्वास नाही आणि गोड बोलणाऱ्यांवर तर मुळीच नाही. त्यामुळे आमच्या मुलीला ट्रम्पेट शिकवणारा माणूस तिला ट्रम्पेटला हातच लावू देत नाही हे कळलं, तेव्हा मला सुचलेला पहिला शब्द होता 'फसवणूक'.

झालं होतं असं. मुलगी तेव्हा सहावीत होती. शाळेच्या बँडमध्ये ती शेवटच्या रांगेत झांजा वाजवायची. पहिल्या रांगेत सहा ट्रम्पेट, सहाही मुलगे. त्यातला एक मुलगा दहावीत गेला म्हणून बँड सोडणार होता आणि त्याची जागा डिसेंबरात चाचणी घेऊन भरायची होती. बँडच्या सरांनी हिला सांगितलं की बाहेर कुठेतरी शिकून ये, परेडची धून स्वच्छ वाजवलीस तर सव्वीस जानेवारीला तू पुढे. ही घरी आली ती उड्या मारतच. जेवताना तिने सगळ्यांना सांगितलं आणि मग आजोबांच्या तोंडाकडे बघत बसली.

आजोबा म्हणजे माझे वडील. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आमच्याकडेच असतात, बोलतात अगदी कमी. त्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, "आम्ही लहानपणी लोकांच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या धरल्या. बँड पुढे आणि आम्ही कडेला. हिला पुढच्या रांगेत वाजवू दे." मग घास उचलला आणि जेवायला लागले. पुढच्या आठवड्यात मी मुलीसाठी ट्रम्पेट घेतलं.

शिकवणारे सर विश्रांतवाडीत सापडले, आळंदी रोडच्या आत एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर. लष्कराच्या बँडमध्ये आयुष्य काढलेला माणूस. केस अजून तसेच बारीक कापलेले, शर्टाची इस्त्री अशी की घडीने कागद कापावा. चार मुलं शिकायला होती, आमची धरून. पहिल्याच दिवशी त्यांनी चारही ट्रम्पेट पेट्यांसकट स्वतःच्या कपाटात ठेवली आणि मुलांच्या हातात फक्त माउथपीस दिले. माउथपीस म्हणजे तोंडाला लावायचा तो छोटा पितळी पेला. घरी तेवढाच न्यायचा, रोज दहा मिनिटं त्यात ओठ थरथरवायचे, बाकी काही नाही. किती दिवस, असं मी विचारलं. "ओठ तयार होईपर्यंत," सर म्हणाले. तारीख सांगा म्हटलं तर म्हणाले, ओठाला तारीख नसते, मॅडम.

आता मला सांगा, ज्या कामाला तारीख नाही त्या कामात पाणी मुरत नाही असं कधी झालंय?

मी जिन्यात बसायला लागले. मुलगी अकरा वर्षांची, माणूस अनोळखी, आणि दिवस हे असे. बसणारच. आतून माउथपीसचे आवाज यायचे. चार बोकडांना एकदम सर्दी व्हावी तसे. ते तरी बरे होते. एकदा दहा मिनिटं आतून काहीच आवाज येईना. मी उठले आणि सरळ दार ढकललं. चारही मुलं सतरंजीवर उताणी पडलेली, प्रत्येकाच्या पोटावर एकेक जाडजूड पुस्तक, आणि सर खुर्चीत बसून पुस्तकं वरखाली होताना बघतायत. श्वासाचा व्यायाम म्हणे. मी म्हटलं, झोपायला आमच्या घरी पण येतं तिला. सर हसले नाहीत. त्यांनी नुसतं दार सताड उघडं ठेवलं आणि त्या दिवसापासून ते उघडंच राहिलं. त्याचाही मला संशय आला, की एवढं उघडं कशाला?

आणि ती वही. मुलं दारात आली की सर एकेकाला खिडकीच्या उजेडात उभं करायचे, ओठ बघायचे, आणि एका लांबट वहीत पेन्सिलीने काहीतरी काढायचे. काय काढतात ते दिसायचं नाही, कारण लगेच वही मिटायची. बाकी पालकांपैकी एक आयटीवाले बाबा होते, लॅपटॉपची बॅग पाठीवर घेऊनच यायचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, प्रोसेस असते मॅडम, ट्रस्ट द प्रोसेस. मी म्हटलं, आमच्या ऑफिसात पण प्रोसेस असते, या एकदा.

माझ्या डोक्यात भलतंच शिजायला लागलं. हा माणूस आमची ट्रम्पेट बाहेर कुठे वापरत तर नसेल? लग्नसराईत भाड्याने? म्हणून एकदा मी 'नवं कसं दिसतं बघू तरी' असं म्हणून पेटी उघडली आणि ट्रम्पेटच्या खालच्या वळणावर, कोणाला दिसणार नाही असा, नेलपॉलिशचा एक ठिपका दिला. पंधरा दिवसांनी पुन्हा बघितलं. ठिपका होता जागच्या जागी. पण ट्रम्पेट आधीपेक्षा चकचकीत होतं आणि त्याला तेलाचा वास येत होता. न वाजवलेल्या वाद्याला तेल कशाला लागतं? संशयाला औषध नसतं म्हणतात ते खरं आहे. ठिपका मिळाला तरी मला संशय, न मिळाला असता तरी संशय.

ऑगस्ट संपत आला. माउथपीसवरून ट्रम्पेटवर सर आठवड्यातून दोनदाच, तेही समोर बसवून, पंधरा-वीस मिनिटं आणायचे. चाचणीला साडेतीन महिने. मुलगी घरी त्या बोटभर पेल्यात फुरफुर करत बसायची आणि मी कॅलेंडरची पानं मोजायचे. शेवटी मी माझ्या पद्धतीने मार्ग काढला. ऑफिसातल्या एका बाईंच्या मुलाने कधीतरी ट्रम्पेट शिकायचं सोडून दिलं होतं, ते त्यांच्या माळ्यावर पडून होतं. ते मी मागून आणलं. बेडरूमची खिडकी लावली, दाराच्या फटीला चादर लावली, मोबाईलवर शिकवण्याचे व्हिडिओ लावले आणि मुलीला म्हटलं, कर सुरू. रोज एक तास.

ती म्हणाली, सर नाही म्हणालेत.

मी म्हटलं, "सरांना सांगायचं नाही."

हे वाक्य मी किती सहज बोलले ते आता आठवलं की माझीच मला लाज वाटते. आयुष्यभर लोकांच्या लपवलेल्या गोष्टी उकरून काढणारी बाई मी, आणि स्वतःच्या पोरीला ताकाला जाऊन भांडं लपवायला शिकवत होते.

पहिले काही दिवस बरं चाललं. मग धुनीत वरचा सूर आला. तो काही केल्या लागेना, नुसती हवा जायची. मला ट्रम्पेटमधलं काय कळतं? मला शिक्का कळतो. ऑफिसात गोल शिक्का नीट उठला नाही की आम्ही काय करतो? जोरात दाबतो. मी तिच्या मागे उभी राहिले आणि म्हटलं, दाब, आणखी दाब ओठावर. तिने दाबलं, आणि सूर खणखणीत आला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. त्या दिवसापासून दाबायचं हाच आमचा नियम झाला. सराव झाला की तिच्या ओठांवर लाल गोल उठलेला असायचा, हुबेहूब शिक्का. एकदा ती म्हणाली, आई, दुखतंय. मी म्हटलं, शिकताना थोडं दुखणारच. तिने पुन्हा ट्रम्पेट तोंडाला लावलं.

सप्टेंबरपासून सरांचं वागणं बदललं. ते आमच्या मुलीचा ओठ जास्त वेळ बघायला लागले. मला चौकशा सुरू केल्या, त्याही कसल्या? घरी कोण कोण असतं. मिस्टर काय करतात. त्यांना राग लवकर येतो का. पितात का. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, हा माणूस आपल्या घराची माहिती काढतोय. नवरा म्हणाला, मग आता सीआयडी दोन झाले.

एकदा त्यांनी मला दारात थेट विचारलं, मुलगी घरी ट्रम्पेट वाजवते का. मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, नाही हो, तुमचा नियम आहे ना. ते एवढंच म्हणाले, बरं.

मग दसरा आला. दसऱ्याला सरांच्या घरी वाद्यांची पूजा असायची आणि ज्या मुलांचे ओठ तयार झाले त्यांना त्या दिवशी वाद्य घरी न्यायला मिळायचं. आमच्यासाठी तो दिवस विहारात जायचा. आम्ही सकाळी वंदना करून तिकडूनच थेट गेलो, मुलगी आणि मी, दोघी पांढऱ्या कपड्यांत. टेबलावर चार ट्रम्पेट ओळीने मांडलेली, प्रत्येकाला झेंडूचं फूल. सरांनी एकेका मुलाला बोलावलं आणि पेटी हातात दिली. पहिला, दुसरा, तिसरा. आमच्या मुलीचं ट्रम्पेट मात्र त्यांनी उचललं आणि परत कपाटात ठेवलं.

"हिचा ओठ अजून तयार नाही," ते म्हणाले.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. कपाळावर आठी न घालता मी विचारलं, बाकी तिघांचा झाला आणि हिचाच कसा नाही. ते म्हणाले, नाही झाला. बास. मी त्यांच्याकडे बघितलं, आमच्या पांढऱ्या कपड्यांकडे बघितलं आणि मला जे समजायचं ते मी समजले. आडनाव वाचल्यावर माणसाचा चेहरा कसा अर्धा इंच मागे सरकतो हे मी लहानपणापासून बघत आलेय. मला ते कोणी शिकवायला नको. वाटेत स्कूटरवर मी मुलीला काही बोलले नाही, पण ती मागून म्हणाली, आई, सर तसे नाहीयेत. मी म्हटलं, तू गप्प बस, तुला अजून जग कळायचंय.

त्या दिवसापासून एका तासाचे दोन तास झाले.

डिसेंबरातली चाचणी शाळेच्या मैदानावर सकाळी होती. पालक फाटकाबाहेर. मी सळ्यांना धरून उभी होते. माझे वडीलही आले होते, टोपी घालून, बाकावर बसले होते. तिचा नंबर तिसरा, हातात माळ्यावरचं ट्रम्पेट. सुरुवात तिने इतकी सुरेख केली की शेजारच्या बाई म्हणाल्या, ही मुलगी कोण हो? माझी मान आपोआप ताठ झाली. मग वरचा सूर आला. मला लांबून दिसलं, तिने कोपर वर केलं आणि दाबलं. नुसती हवा. पुन्हा दाबलं. पुन्हा हवा. तिसऱ्या वेळी तिने ट्रम्पेट खाली घेतलं आणि युनिफॉर्मच्या बाहीने तोंड पुसलं. बाहीवर लाल डाग होता. बँडच्या सरांनी पुढचं नाव पुकारलं. जागा एका मुलाला गेली.

वडील उठले आणि काठी टेकत बसस्टॉपकडे चालायला लागले. मी हाक मारली तर म्हणाले, येतो मी बसने.

मला सगळ्यांचा संशय आला. आधी शाळेच्या बँडच्या सरांचा, की त्यांना मुलगाच हवा होता. पण मुलाने धून खरंच स्वच्छ वाजवली होती, ते माझ्या कानांनी ऐकलं होतं. मग उरले एकच. संध्याकाळी मी मुलीला घेऊन विश्रांतवाडीला गेले. ती वर यायला तयार नव्हती, म्हणून तिला खाली स्कूटरपाशी ठेवलं आणि एकटी जिना चढले. मनात सगळं भाषण तयार होतं.

केलं मी ते भाषण. तुम्ही माझ्या मुलीला मुद्दाम मागे ठेवलंत. तिला सराव करू दिला नाहीत. बाकीच्यांना वाद्य दिलंत, तिला नाही, आणि का नाही ते मला माहीत आहे. सरांनी सगळं उभ्याने ऐकून घेतलं. मग कपाटातून ती लांबट वही काढली, आमच्या मुलीची पानं उघडली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

प्रत्येक पानावर ओठांची दोन साधी रेघांची चित्रं, त्यावर एक गोल, आणि खाली तारीख. जून, जुलैचे गोल फिकट, अगदी मधोमध. ऑगस्टच्या शेवटापासून गोल गडद झालेला. सप्टेंबरात डावीकडे सरकलेला. मग एकाऐवजी दोन गोल, एकात एक. मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. बावीस वर्षं मी नकाशेच वाचतेय. हद्द कधी सरकली, कोणत्या तारखेला सरकली, ते मला एका नजरेत कळतं. माझ्या हातात मूळ प्रत होती.

"बाहेरचा गोल मोठा आहे," सर म्हणाले. "तो माझ्या माउथपीसचा नाही."

मी कशीबशी म्हणाले की तुम्ही मला सांगायचं होतंत.

"तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात." मग म्हणाले, "तिला तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा नाही म्हणाली. तिसऱ्या वेळी रडली. पोर स्वतःसाठी खोटं बोलत नव्हती, एवढं मला समजलं. मला वाटलं, घरात कोणीतरी मारून-धाकवून तिच्याकडून वाजवून घेतं."

म्हणून त्या चौकशा. म्हणून मिस्टर पितात का. मी जिन्यात बसून इतके महिने त्यांच्यावर पाळत ठेवली होती आणि ते आत बसून माझ्या मुलीच्या ओठावर. त्यांना दिसलं होतं ते खरं होतं, माणूस तेवढा चुकला होता. ओठ दुखावलाय म्हणून त्यांनी ट्रम्पेट दिलं नाही, आणि त्यांनी ट्रम्पेट दिलं नाही म्हणून मी ओठ आणखी दुखावला. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि रडले. सांगितलं सगळं, माळ्यावरच्या ट्रम्पेटपासून पांढऱ्या कपड्यांपर्यंत. कपड्यांचं ऐकून त्यांनी मान खाली घातली. मग पाणी आणून दिलं.

ते म्हणाले, महिनाभर तोंडाला काही लावायचं नाही, माउथपीससुद्धा नाही. मग पहिल्यापासून. पुढच्या वर्षी बघू.

सव्वीस जानेवारीला ती शेवटच्या रांगेत झांजा वाजवत गेली. तिच्यापुढे सहा ट्रम्पेट, सहाही मुलगे. दुपारी जेवताना वडिलांनी पहिल्यांदा विषय काढला. काय कमी पडलं, एवढंच विचारलं त्यांनी. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "माझा सराव कमी पडला, आजोबा." इतक्या सहज म्हणाली की मी बघतच राहिले. मी म्हटलं, कमी नाही बाबा, जास्त झाला, आणि तो मी करून घेतला. वडिलांनी ताटातला गुलाबजाम तिच्या वाटीत ठेवला. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ओठ बरा होत होता. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आले की ती हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली येऊन उभी राहायची, हनुवटी वर करायची आणि म्हणायची, बघ. मी बघायचे, बरं म्हणायचे, आणि चपला काढायचे. मला वाटायचं, सरांनी सांगितलं असेल दाखवायला. सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळीही ती तशीच आली. मी तिला म्हटलं, अगं, सर उद्या बघतीलच की.

"सर नाही बघत आता," ती म्हणाली. "ते म्हणाले, तू सांगितलंस की पुरे."

मी विचारलं, मग मला कशाला दाखवतेस रोज?

"तुला दाखवावं लागतं ना."

मी तिला जवळ घ्यायला गेले, म्हटलं, नको दाखवूस राजा, माझा विश्वास आहे. ती हलली नाही. तशीच उभी राहिली, हनुवटी वर, ओठ उजेडाकडे. शेवटी मी चष्मा लावला आणि बघितलं. काही नव्हतं. ना गोल, ना डाग.

"नीट बघ," ती म्हणाली.